चाकाचा बोल्ट : निवड आणि आवळण

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, अमौसी विमानतळाच्या पलीकडे, सरोजिनी नगर लागते. येथे १९७२ साली भारत सरकारने ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ हा उपक्रम स्थापन केला. इटलीतील मिलान शहराच्या लॅम्ब्राते या उपनगरात फेर्दिनांदो इनोचेंती यांच्या कारखान्यात १९४७ पासून ‘लॅम्ब्रेटा’ ही स्कूटर तयार होत असे. तेथील उत्पादन १९७१ मध्ये थांबले, तेव्हा त्या कारखान्याची यंत्रसामग्री आणि उत्पादनाचे हक्क भारताने विकत घेतले. साचे, यंत्रे, आराखडे असा सारा संसार समुद्र ओलांडून गंगेच्या मैदानात आला. १९७५ मध्ये सरोजिनी नगरच्या कारखान्यातून स्कूटरी बाहेर पडू लागल्या. देशातील ग्राहकांसाठी ‘विजय सुपर’, परदेशांसाठी ‘लॅम्ब्रेटा’ आणि पुढे उत्तर भारतातील गल्लीबोळांत सर्वपरिचित झालेली ‘विक्रम’ ही तीनचाकी गाडी ही त्याची ठळक उत्पादने होत. १९९७ मध्ये दुचाकींचे उत्पादन थांबले आणि २०२१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने हा उपक्रम बंद करण्यास मंजुरी दिली. कारखाना बंद झाला तरी त्याच्या गाड्या मात्र रस्त्यावरून नाहीशा झाल्या नाहीत. जुन्या ‘विजय सुपर’ जपणारे हौशी लोक आजही आढळतात आणि त्यांपैकी काहीजण मूळची पोलादी चाके काढून त्यांच्या जागी मिश्रधातूची चकचकीत चाके बसवितात.

नेमक्या याच ठिकाणी एका लहानशा वस्तूचा प्रश्न उभा राहतो. नव्या चाकासाठी हजारो रुपये मोजणारा मनुष्य ते चाक गाडीला जखडून ठेवणाऱ्या बोल्टांचा विचार बहुधा करीत नाही. जुनेच बोल्ट नव्या चाकात शिरतात, पान्याने आवळताना घट्ट लागतात, एवढ्यावर त्याचे समाधान होते. परंतु बोल्ट छिद्रात शिरणे आणि बोल्ट योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर काही मिलिमीटरांचे असते. त्याची किंमत मात्र कधी कधी माणसाच्या जिवाने चुकती करावी लागते.

दोन प्रकारचे नट

सरोजिनी नगरच्या स्कूटरीचे चाक पाहिले तर या विषयाचा पहिला धडा तेथेच मिळतो. लॅम्ब्रेटाच्या घराण्यातील स्कूटरींची पोलादी रिम दोन अर्ध्या भागांची बनलेली असते. महाराष्ट्रातील वाचकाला हीच रचना आकुर्डीच्या ‘बजाज चेतक’वरून ठाऊक असेल. टायर आणि ट्यूब या दोन भागांच्या मधोमध बसते. यामुळे अशा चाकावर दोन प्रकारचे नट असतात. काही नट रिमचे दोन अर्धे भाग एकमेकांशी जोडतात, तर काही नट संपूर्ण चाक गाडीच्या तुंब्याशी, म्हणजे हबशी, जोडतात.

दिसावयास हे नट सारखेच, पण कामे अगदी वेगळी. चाक काढावयाचे असेल तर केवळ हबवरील नट सैल करावयाचे. टायरमध्ये हवा असताना रिमचे भाग जोडणारे नट सोडले, तर आतील हवा त्या दोन अर्ध्या भागांना कित्येक शेकडो किलोग्रॅमच्या जोराने एकमेकांपासून दूर लोटते आणि शेवटचा नट सुटताच रिमचा तुकडा उसळून समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येऊ शकतो. यास्तव जुने मिस्त्री शागिर्दाला प्रथम हवा सोडावयास शिकवीत आणि नंतरच पाना हाती देत. आज या स्कूटरींसाठी ट्यूबविरहित टायर घेणारी, मिश्रधातूची एकसंध चाके मिळतात. त्यांच्या बाबतीत हा विशिष्ट धोका उरत नाही. पण हबवरील स्टड आणि नट यांचा प्रश्न तेथेही शिल्लक राहतोच. मोटारगाडीच्या बाबतीत तर तो अधिकच बिकट होतो, कारण तेथे वजन, वेग आणि बोल्टांची विविधता ही तिन्ही वाढतात.

चाकाला कोण धरून ठेवते?

बैलगाडीचे चाक आसावर सैलसर फिरते आणि आसाच्या टोकाला घातलेली खीळ त्याला बाहेर निसटू देत नाही. खीळ केवळ अडवण्याचे काम करते. मोटारीच्या चाकाचा बोल्टही असाच खिळीसारखा काम करीत असावा, गाडीचे वजन त्या चार-पाच बोल्टांवर टांगलेले असावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे.

बोल्ट आवळला की तो ताणला जातो. पोलाद लवचीक असल्यामुळे ताणलेला बोल्ट आखडू पाहतो आणि त्या ओढीने चाक हबच्या सपाट पृष्ठभागावर दाबून धरतो. चाक आणि हब यांच्यामधील या दाबामुळे जे घर्षण निर्माण होते, तेच गाडीचे वजन, ब्रेकचा झटका आणि वळणावरील रेटा पेलते. बोल्टाने ओढ द्यावयाची, घर्षणाने भार वाहावयाचा, अशी ही श्रमविभागणी आहे.

यातील आकडे उद्बोधक आहेत. १२ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट ११० न्यूटन-मीटर इतक्या परिबलाने, म्हणजे टॉर्कने, आवळला असता, आटे कोरडे व स्वच्छ असतील तर त्यात सुमारे ४,६०० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ निर्माण होते. असे चार बोल्ट मिळून चाकाला सुमारे १८ टन जोराने हबवर दाबतात. लहान मोटारीच्या एका चाकावर येणारा भार मात्र तीन-चारशे किलोग्रॅमच्या आसपास असतो. सुरक्षिततेची ही मर्यादा भरघोस वाटते. परंतु ती ज्या ताणावर अवलंबून आहे तो ताण अत्यंत सूक्ष्म आहे. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा बोल्ट पुरता आवळल्यावर जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी लांबतो. बैठकीवरील रंगाचा थर दबला, गंजाचा पापुद्रा झडला किंवा मऊ धातू थोडासा खचला, तरी ही लांबण नाहीशी होते आणि तिच्याबरोबर सारी ओढही जाते.

ओढ गेली की चाक हबवर सूक्ष्मपणे सरकू लागते आणि जे काम घर्षणाचे होते ते बोल्टांवर येऊन पडते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात बोल्ट एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो. लहान मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ५०० फेरे घेते. सरोजिनी नगरहून कानपूर गाठेपर्यंत हा आकडा ४०,००० च्या घरात जातो. तार वारंवार वाकवून तोडावी तसा बोल्ट अखेरीस थकून तुटतो. एक तुटला की त्याचा भार उरलेल्यांवर येतो आणि ते अधिक लवकर तुटतात. चाक निखळून पडण्याची बहुतेक प्रकरणे अशा रीतीने, सैल बोल्टापासून सुरू होतात.

आटे : पहिली कसोटी

योग्य बोल्ट ओळखताना पहिली गोष्ट पाहावयाची ती आट्यांची. काही गाड्यांच्या हबमध्ये स्टड कायमचे बसविलेले असतात व त्यांवर नट चढवितात. जपानी आणि कोरियन घराण्यांतील मोटारी तसेच बहुतेक भारतीय मोटारी या प्रकारच्या होत. फोक्सवॅगन, स्कोडा, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू इत्यादी युरोपीय गाड्यांच्या हबमध्ये मात्र आटे पाडलेली छिद्रे असतात व त्यांत बोल्ट थेट पिळून बसवितात. चाकण आणि छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथील कारखान्यांमुळे हा दुसरा प्रकारही महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आता नेहमीचा झाला आहे.

आट्यांची ओळख दोन मापांनी पटते : व्यास आणि एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचे अंतर. ‘एम १२ × १.५’ याचा अर्थ १२ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतर. सुझुकीच्या घराण्यात सामान्यतः एम १२ × १.२५ हे माप असते, टोयोटा, होंडा व ह्युंदाई यांच्या मोटारींत एम १२ × १.५, तर फोक्सवॅगन व स्कोडा यांच्या अनेक मोटारींत एम १४ × १.५. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या वर्षांच्या गाड्यांतही फरक आढळतो. म्हणून गाडीचे नाव सांगून बोल्ट मागण्यापेक्षा मूळ बोल्ट दुकानात नेऊन आट्यांच्या गेजने ताडून पाहणे श्रेयस्कर.

१.२५ च्या स्टडवर १.५ चा नट दोन-तीन फेरे सहज चढतो आणि मग अडतो. हा अडकाव म्हणजेच घट्टपणा असे समजून वाऱ्याच्या पान्याने जोर केला, तर नट आट्यांचा चुरा करीत पुढे सरकतो. ही चूक निदान जोर लावताना हाताला कळते तरी. याहून फसवी एक जोडी आहे. इंच मोजणीतील अर्ध्या इंची बारीक आट्यांच्या नटाला एका इंचात २० आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर १.२७ मिलिमीटर होते. हा नट एम १२ × १.२५ च्या स्टडवर कोठेही न अडता शेवटपर्यंत जातो. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे नट सुमारे पाऊण मिलिमीटरने मोठा असतो आणि त्याचे आटे स्टडच्या आट्यांच्या केवळ टोकांना धरतात. बोटांना तो किंचित डुलतो, एवढाच त्याचा पुरावा. पूर्ण आवळला की ती टोके सोलून निघतात.

भारतात ही सरमिसळ होण्यास ऐतिहासिक कारण आहे. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे पहिले सर्वमान्य मान सुचविले आणि इंचांचा हा वारसा आपल्या कार्यशाळांत रुजला. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान पद्धती स्वीकारली. पण जुन्या गाड्या, जुने पाने आणि जुने सुटे भाग कायद्याने बदलत नाहीत. कबाडी बाजारातील एकाच डब्यात इंचाचे व मिलिमीटरचे नट शेजारी शेजारी नांदतात. मुंबईत महिंद्रांनी ज्या विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या जातीच्या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांवर तर उलट्या आट्यांचे स्टड असत. नट ढिला पडण्याची प्रवृत्ती चाकाच्या फिरण्याच्या दिशेशी निगडित असते, हे ध्यानात घेऊन ही योजना केलेली होती. ती ठाऊक नसलेला मनुष्य नट सोडविण्यासाठी नेहमीच्या दिशेने जोर लावी आणि प्रत्यक्षात तो अधिक आवळून अखेरीस स्टडच मोडून ठेवी.

बोल्टाच्या डोक्यावर कोरलेला आकडाही वाचण्याजोगा असतो. ‘१०.९’ यातील पहिला अंक सांगतो की, हे पोलाद एका चौरस मिलिमीटरवर सुमारे १,००० न्यूटन ताण सोसल्यावर तुटेल. दुसरा अंक सांगतो की, त्याच्या नऊ दशांश ताणापर्यंत ते कायमचे न लांबता पूर्ववत होईल. ‘८.८’ हा त्याहून हलका. ज्या बोल्टावर असा कोणताच आकडा नाही, तो कितीही चकाकत असला तरी चाकावर बसवू नये.

बैठक : नजरेतून सुटणारी गोष्ट

आटे जुळले तरी काम अर्धेच होते. नटाचा किंवा बोल्टाचा जो भाग चाकाच्या छिद्राला टेकतो, त्याला बैठक म्हणतात. बैठकीचे तीन प्रकार रूढ आहेत. पहिली शंक्वाकृती, म्हणजे निमुळती होत जाणारी. तिच्या उतारांमधील कोन सामान्यतः ६० अंशांचा असतो. दुसरी गोलाकार, चेंडूच्या भागासारखी. तिसरी सपाट, वॉशरसह बसणारी.

बाजारात मिळणारी मिश्रधातूची चाके बहुतांशी शंक्वाकृती बैठकीची असतात. परंतु मोटारीचे मूळ बोल्ट किंवा नट तसेच असतील असे नाही. होंडाच्या मूळ चाकांचे नट गोलाकार बैठकीचे असतात. फोक्सवॅगन, स्कोडा आणि मर्सिडीज यांचे बोल्टही तसेच. टोयोटाच्या कित्येक मूळ अलॉय चाकांना सपाट वॉशरचे, लांब मानेचे नट लागतात. आता शंक्वाकृती खळग्यात गोलाकार बोल्ट बसविला तर काय घडते? सबंध पृष्ठभाग टेकण्याऐवजी केवळ एक बारीक वर्तुळाकार रेषा टेकते. टनावारी दाब त्या रेषेवर एकवटतो. चाकाचा ॲल्युमिनियम मिश्रधातू पोलादाहून मऊ असल्यामुळे तो त्या रेषेवर दबतो, खचतो आणि बोल्टाची ती सूक्ष्म लांबण हरवते. दुकानातून निघताना पान्याला घट्ट लागलेला बोल्ट पन्नास-शंभर किलोमीटरवर हाताने हलू लागतो, त्याचे रहस्य बहुधा येथे असते.

खात्री करून घेण्याची एक सोपी रीत आहे. बोल्टाच्या बैठकीवर खडूची पूड किंवा शाईचा पातळ थर लावून तो चाकाच्या सुट्या छिद्रात टेकवावा, किंचित फिरवावा आणि काढून पाहावा. खळग्यात रुंद, सलग पट्टा उमटला तर जोडी जुळली. केसासारखी बारीक रेघ उमटली तर तो बोल्ट बाजूस ठेवावा. पाहणी झाल्यावर दोन्ही पृष्ठभाग पुसून काढावेत.

लांबी : कमी नको, जास्तही नको

पोलादी चाकाची तबकडी पातळ असते. काही मिलिमीटर, एवढीच तिची जाडी. मिश्रधातूचे चाक ओतीव असल्याने पुरेशा बळकटीसाठी त्याच ठिकाणी ते पुष्कळ जाड ठेवावे लागते. साहजिकच मूळचा आखूड बोल्ट नव्या चाकाच्या जाडीतच बहुतांश खर्ची पडतो आणि हबच्या आट्यांत त्याचे थोडेच टोक पोहोचते.

हिशेब अवघड नाही. समजा, मूळ बोल्टाची डोके वगळून लांबी २४ मिलिमीटर आहे आणि पोलादी चाकाची बैठकीपासून हबपर्यंतची जाडी ६ मिलिमीटर आहे. म्हणजे १८ मिलिमीटर बोल्ट हबमध्ये शिरतो. नव्या चाकाची तीच जाडी १२ मिलिमीटर भरली तर बोल्ट ३० मिलिमीटरचा हवा. जुनाच वापरला तर आत केवळ १२ मिलिमीटर जातील.

मोजपट्टी हाताशी नसेल तर फेरे मोजावेत. बोल्टाच्या व्यासाइतकी तरी खोली आट्यांनी धरलेली असावी, असा कार्यशाळेतील जुना दंडक आहे. तो पाळावयाचा तर एम १२ × १.५ च्या बोल्टाने हाताने पिळताना किमान ८ पूर्ण फेरे घेतले पाहिजेत, एम १२ × १.२५ च्या बोल्टाने सुमारे १० आणि एम १४ × १.५ च्या बोल्टाने ९ ते १०. चार-पाच फेऱ्यांतच बोल्ट टेकला तर तो आखूड आहे, असे निःशंक समजावे.

म्हणून हाती येईल तो लांब बोल्ट घ्यावा, असेही नाही. हबच्या मागे ब्रेकचे भाग असतात. अतिलांब बोल्टाचे टोक ड्रममधील पट्ट्या, स्प्रिंगा किंवा हातब्रेकची यंत्रणा यांना जाऊन भिडते. कधी ते फिरताना घासते, कधी काहीतरी मोडते. याहून वाईट म्हणजे बोल्ट आत कशाला तरी टेकून घट्ट होतो, पान्याला पूर्ण जोर लागतो आणि चाक मात्र सैलच राहते. स्टड व नट यांच्या गाडीत हाच प्रकार टोपीबंद नटामुळे होतो. लांब स्टडचे टोक नटाच्या बंद टोपीला आतून आधी टेकते आणि नट चाकावर दाब देऊच शकत नाही. यास्तव बोल्ट बसविल्यावर, गाडी जॅकवर असतानाच, चाक हाताने एक-दोन फेरे फिरवून कान देऊन ऐकावे. घासल्याचा वा टक् असा आवाज आला तर गाडी खाली उतरवू नये.

वर्तुळ आणि मध्य

बोल्टांची छिद्रे ज्या काल्पनिक वर्तुळावर असतात, त्याच्या व्यासाला व्यवहारात ‘पीसीडी’ म्हणतात. चार छिद्रांच्या चाकात समोरासमोरील दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतर मोजले की तो मिळतो. पाच छिद्रांच्या चाकात मात्र समोरासमोर छिद्र येत नाही. तेथे शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतराला ०.५८८ ने भागावे. ते अंतर ५८.८ मिलिमीटर असेल तर वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर होय, ६७.२ असेल तर ११४.३. हा शेवटचा आकडा विचित्र भासतो, परंतु तो साडेचार इंचांचे दशमान रूप आहे. तद्वतच भारतीय जीपच्या घराण्यात रूढ असलेला १३९.७ हा आकडा म्हणजे विलीज जीपचे साडेपाच इंच.

९८ आणि १०० मिलिमीटर या दोन मापांत फसगत होण्याचा संभव विशेष असतो. फरक दोन मिलिमीटरांचा, म्हणजे प्रत्येक छिद्रामागे अवघा एक. बोल्ट तिरपे होऊन शिरतात, पण एकाच बाजूने टेकतात. अशा चाकाला बोल्ट जुळवीत बसण्यापेक्षा चाकच परत करावे.

चाकाच्या मधोमध असलेले मोठे छिद्र हबच्या उंचवट्यावर अचूक बसले म्हणजे चाक मध्यावर येते. बाजारातील चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून हे छिद्र मुद्दाम मोठे ठेवतात आणि पोकळी भरून काढण्यासाठी एक कडे देतात. कडे विसरले तर चाक मध्यावर आणण्याचे काम एकट्या बोल्टांवर पडते आणि ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. पुष्कळदा या थरथरीचा दोष टायरच्या बॅलन्सिंगवर ढकलला जातो.

आवळण्याची रीत

योग्य बोल्ट निवडूनही तो चुकीच्या रीतीने आवळला तर सारे व्यर्थ. लहान मोटारींसाठी उत्पादकांनी सांगितलेले परिबल साधारणतः ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. १२० न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे २४ किलोग्रॅमचा जोर. गाडीसोबत मिळणारा पाना ३० सेंटिमीटरचा धरला आणि ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य त्याच्या टोकावर उभा राहिला, तर परिबल १७५ च्या वर जाते. पायाने पाना दाबण्याची आपल्याकडील सर्रास पद्धत या दृष्टीने धोक्याची आहे. वाऱ्याच्या पान्यावर तर काहीच नियंत्रण राहत नाही. तो फार तर नट सैल करावयास वापरावा. अखेरचा पीळ टॉर्क पान्यानेच द्यावा.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावावे काय, हा नेहमीचा प्रश्न आहे. उत्पादकाने स्पष्ट सांगितले नसेल तर लावू नये. कोरड्या आट्यांत पिळाचा मोठा भाग घर्षणात खर्च होतो आणि सांगितलेले परिबल तेवढे गृहीत धरूनच ठरविलेले असते. तेलकट बोल्ट त्याच परिबलाला तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक ताणला जाऊ शकतो. हलक्या प्रतीचा बोल्ट अशा वेळी आपली लवचीकता ओलांडून कायमचा लांबतो. तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करणे, हबवरील गंज खरवडणे आणि बैठकीवरील रंग काढणे, एवढे पुरे.

सर्व बोल्ट प्रथम बोटांनी पिळावेत. बोटांनी जो जात नाही, त्याचे आटे तिरपे धरले गेले आहेत, असे मानून तो मागे घ्यावा. नंतर एकाआड एक, समोरासमोर या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळावे. ओळीने आवळल्यास चाक एका अंगाला झुकते. शेवटचा पीळ टायर जमिनीला टेकल्यावर द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यानंतर, चाक थंड असताना, प्रत्येक बोल्ट पुन्हा त्याच परिबलाला तपासावा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. ब्रेकच्या उष्णतेने तापून व निवून नवी बैठक थोडी स्थिरावते. ही फेरतपासणी त्यासाठीच असते.

स्टेपनीचा प्रसंग

एक गोष्ट बहुधा सर्वांच्या नजरेतून सुटते. चार नवी चाके बसविली तरी डिकीतील स्टेपनी पोलादी आणि जुनीच राहते. रात्री आडरस्त्यावर पंक्चर होते, अलॉय चाक उतरते, स्टेपनी चढते आणि तिच्यावर तेच नवे, लांब बोल्ट पिळले जातात. पातळ पोलादी तबकडीतून ते हबच्या पार आत जातात, ब्रेकच्या भागांना भिडतात किंवा चाक न आवळताच घट्ट होतात. म्हणून गाडीचे मूळ बोल्ट भंगारात न देता कापडी पिशवीत घालून स्टेपनीजवळच ठेवावेत आणि पिशवीवर तशी चिठ्ठी लावावी. नव्या चाकांना चोरीपासून रक्षण देणारे कुलपी बोल्ट बसविले असतील तर त्यांची चावीही त्याच पिशवीत असावी.

सैल चाक सहसा अगोदर सूचना देते. संथ वेगात चाकाजवळून येणारी टकटक, स्टिअरिंगची नवी थरथर, नटाभोवती उमटलेले गंजाचे वा काळसर धातूच्या पुडीचे ओघळ ही त्याची लक्षणे होत. त्यांपैकी एकही दिसले तर पुढील गावापर्यंत गाडी रेटू नये. तेथेच थांबून पाना काढावा. आणि चाक सैल स्थितीत बराच वेळ धावले असेल, तर केवळ पुन्हा आवळून भागत नाही. थकलेला बोल्ट बाहेरून धडधाकट दिसतो. त्या चाकाचे सारे बोल्ट बदलावेत आणि छिद्रे लांबट झाली असल्यास चाकही.

सरोजिनी नगरच्या कारखान्यात स्कूटर तयार होत असे तेव्हा चाक, स्टड आणि नट ही तिन्ही एकाच आराखड्यानुसार ठरत. कोणता नट कशावर जाईल, हा विचार ग्राहकाला करावाच लागत नसे. तो अगोदर कोणीतरी केलेला असे. मूळ चाक उतरवून बाजारातील चाक चढविणारा मनुष्य त्या आराखड्याबाहेर पाऊल टाकतो आणि अभियंत्याचे ते काम, त्याच्या नकळत का होईना, स्वतःच्या शिरावर घेतो. त्यात गैर काही नाही. आटे, बैठक, लांबी, वर्तुळ, मध्य आणि परिबल ही सहा मापे पडताळण्यास एक मूळ बोल्ट, एक मोजपट्टी, एक टॉर्क पाना आणि अर्धा तास पुरतो. दुकानदाराकडे हा अर्धा तास नसेल, तर चाके गाडीला न चढविता तशीच घरी आणावीत आणि वेळ असलेला मिस्त्री शोधावा.